रविवारी पहाटे सायकलवरून: फोर्ट ते राणीबाग, रस्त्यावरची शिल्पं बघत

दादरकर_सायकल | रविवार, सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आज फेरी करून आत्ताच घरी आलोय, अंगात उत्साह आहे तोवर लिहून टाकतो.

चार वर्षं झाली, दर रविवारी पहाटे मी दादरहून सायकलने फोर्टात जातो. पहिलं वर्षभर नुसते किलोमीटर मोजत होतो. मग एकदा हुतात्मा चौकाच्या अलीकडे चेन उतरली. सायकल फुटपाथच्या कडेला उलटी केली, चेन दात्यांवर बसवली आणि काळे झालेले हात पुसता पुसता वर बघितलं, तर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर डोक्यावर ओझं घेऊन चाललेल्या बाया. सूत कातणाऱ्या बाया. कुंभार, शेतकरी. या रस्त्याने अकरा वर्षं मी नोकरीला जात होतो, स्टेशन ते ऑफिस आणि ऑफिस ते स्टेशन, आणि एकदाही मान वर केली नव्हती. इमारत १९३६ सालची, वास्तुरचना मास्टर, साठे आणि भूता यांची, आणि शिल्पं नारायण गणेश पानसरे यांची. पानसरे हे नाव मी त्या दिवशी घरी येऊन शोधलं. आता भेटेल त्याला सांगत असतो.

तेव्हापासून माझी फेरी बदलली. अंतर तेवढंच, वेळ दुप्पट.

पाच वाजता शिवाजी पार्क. महाराजांच्या १९६६ सालच्या पुतळ्याला नमस्कार करून निघायचं. या पुतळ्यात हातात उपसलेली तलवार नाही, हात पुढे केलेला आहे. तिथून परळ, लालबाग करत, जे. जे. उड्डाणपुलाच्या खालून थेट क्रॉफर्ड मार्केट. पुलावरून जायचं नाही, तिथे दुचाकींनाही बंदी आहे. खालून जाण्यात मजाही जास्त, पाव भाजल्याचा वास येत असतो.

क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं. दारांवरच्या कमानींत जी उठावशिल्पं आहेत ती लॉकवुड किपलिंग यांनी केलेली. किपलिंग तेव्हा जे. जे. कला शाळेत शिकवत होते, शाळा इथून हाकेच्या अंतरावर. धान्य, फळफळावळ आणि माणसं. दिवसा या दारासमोर टेम्पो, हातगाड्या आणि आपली धावपळ, वर कोण बघणार? पहाटे शटरं खाली असतात. एक पाय फुटपाथवर टेकवून सीटवर बसल्या बसल्या सगळा देखावा नीट बघता येतो.

मग सीएसएमटी. यावर लिहायचं तर वेगळा धागा लागेल. १८७८ ते १८८८, दहा वर्षं काम चाललं. घुमटावर उजव्या हातात मशाल आणि डाव्या हाताशी चाक घेतलेली प्रगतीची मूर्ती, फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ, ही टॉमस अर्प यांची. सगळे फोटो यांचेच निघतात. मी मात्र सांगेन, सायकल लावा आणि दर्शनी भिंतीवरचे गोल मुखवटे शोधा. रेल्वेच्या संचालकांच्या त्या रांगेत आपले नाना शंकरशेट आहेत, जमशेटजी जीजीभॉय आहेत. पिसारा फुलवलेला मोर शोधा. एक सापडला की डोळ्याला सवय होते, मग पानांतून प्राणी बाहेर यायला लागतात.

पुढे हुतात्मा चौक. फ्लोराचं कारंजं १८६४ चं, इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडातलं, रचना नॉर्मन शॉ यांची आणि घडवलं जेम्स फोर्साइथ यांनी. ते मुळात राणीबागेसाठी होतं. मधली कितीतरी वर्षं त्यावर पांढऱ्या रंगाचे थरावर थर चढले होते. डागडुजीत ते काढले, आणि २०१९ च्या जानेवारीत पाणी पुन्हा सुरू झालं. त्याच खोदकामात जुन्या ट्रामचे रूळ सापडले. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, म्हणजे पन्नासच्या वर वर्षं ते रूळ आपल्या पायाखाली होते. आणि शेजारीच हुतात्मा स्मारक, शेतकरी आणि कामगार, दोघांची मिळून एक मशाल. इथे मी सायकलवरून उतरतो. बसून बघण्याची ती जागा नाही.

मग न्यू इंडिया, मग काळा घोडा, मग ओव्हलच्या बाजूने राजाबाई टॉवर, आणि परतीच्या वाटेवर भायखळ्याला खडा पारशी आणि राणीबाग. त्याबद्दल खाली प्रतिसादांत लिहितो, नाहीतर फार लांबेल.

कुणी अशी फेरी करतं का? माझ्याकडून काय सुटलंय ते सांगा.

*

मृद्गंध७ | रविवार, दुपारी १२:२५

वाचनखूण साठवली. दोन दशकं मुंबईत काढून नाना शंकरशेट त्या भिंतीवर आहेत हे आज कळलं. उद्या ऑफिसला जाताना बघणार. पुढचं लवकर लिहा.

*

कल्याण_स्लो | रविवार, दुपारी १:०५

दादा, आम्ही कल्याण-डोंबिवलीकडच्यांनी काय करायचं? सायकलवर कल्याणहून यायचं तर फोर्टात पोचेपर्यंत ऊन चढतं.

*

दादरकर_सायकल | रविवार, दुपारी १:३०

आमच्या गटात एक जण तुमच्याच बाजूचा आहे. तो घडीची सायकल पिशवीत भरून पहिल्या गाड्यांपैकी एकीने येतो, रविवारी त्या वेळी डब्यात जागा असते. मोठी सायकल असेल तर लगेजच्या डब्याचं आधी स्टेशनवर विचारून घ्या. नाहीतर माझ्याकडे एक जादा सायकल आहे, २२ इंची, गिअर नाहीत, पण ब्रेक आणि टायर चोख. निरोप टाका.

*

तिपाई | रविवार, दुपारी २:१०

फोटो काढणाऱ्यांसाठी एक भर. सीएसएमटीचा दर्शनी भाग आणि राजाबाई टॉवरची ओव्हलकडची बाजू, दोन्ही पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी त्या सावलीत असतात. बघायला सावली उत्तम, डोळ्यांवर चकाकी येत नाही, पण कोरीव कामाचा उठाव हवा असेल तर दुपारी चारनंतरचं तिरपं ऊन लागतं. त्या उन्हात न्हालेला राजाबाई एकदा बघाच. मी पहाटे सायकलवर हेरून ठेवतो कुठल्या कोपऱ्यातून काय दिसतं ते, आणि मग संध्याकाळी ट्रेनने कॅमेरा घेऊन जातो. आणि हो, छोटी दुर्बीण खिशात ठेवा.

*

लाल_माती | रविवार, दुपारी ३:४५

लेख आवडला, पण एक मनात येतं ते मोकळेपणाने मांडतो. यातलं बहुतेक सगळं इंग्रजांनी त्यांच्या वैभवासाठी उभारलं. कारंजं त्यांचं, घोडा त्यांच्या राजाचा, स्टेशनवर सिंह त्यांचा. याला आपली कला म्हणून मिरवावं का? मला हुतात्मा स्मारकापुढे जे वाटतं ते फ्लोरापुढे वाटत नाही.

*

जेजेचा_जुना | रविवार, सायंकाळी ५:२०

लाल_माती, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी जे. जे. त शिल्पकला शिकलो, आता निवृत्त आहे. मला जे दिसतं ते सांगतो.

पैसा आणि हुकूम कुणाचा, हा एक भाग. दगडावर टाकी कुणाची चालली, हा दुसरा. सीएसएमटीवरची पानं, मोर, माकडं, खांबांचे माथे हे जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी केलेलं काम आहे. त्या पोरांनी मोर पुस्तकातून उचललेला नाही. ज्याने मोर चालताना पाहिलाय त्यालाच मानेचा तो बाक जमतो.

राजाबाई टॉवर घ्या. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते कधी मुंबईत आले नाहीत. पैसे प्रेमचंद रायचंद यांनी दिले आणि आईचं नाव लावलं. १८७८ ला पुरा झाला, उंची २८० फूट. पण त्यावर उंचावर ज्या माणसांच्या मूर्ती आहेत, पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या, एकूण २४, त्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्या माणसाने घडवल्या. लंडनच्या वास्तुविशारदाच्या मनोऱ्यावर देवदूत किंवा संत उभे राहिले असते. तिथे पारशी उभा आहे, वाणी उभा आहे, काठेवाडी उभा आहे. प्रत्येकाचा पोशाख वेगळा. पगडी कशी बांधतात हे ज्याला ठाऊक आहे त्याचंच ते काम.

आता दगडाबद्दल. आपला काळा बेसॉल्ट कठीण. भिंतीला उत्तम, पण त्यात पापणी कोरायची म्हणजे पाथरवटाचा जीव जातो. म्हणून नाजूक कामाला पोरबंदरचा चुनखडीचा दगड आणत. तो मऊ, टाकीखाली लोण्यासारखा वाटतो, पण समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्याला खातो. कुठे नाक झिजलेलं दिसलं, बोटं गळलेली दिसली, तर ते बहुधा याच दगडात असतं.

म्हणून दादरकर म्हणतात तसं जवळून, थांबून बघितलं पाहिजे. आम्हाला शिकवताना मास्तर नेहमी विचारायचे, "काम कुठे संपलंय?" म्हणजे कारागिराने हात कुठे थांबवला. राजाबाईवरच्या मूर्तींचे चेहरे इतक्या उंचावर आहेत की कुणी बघणार नाही हे करणाऱ्याला माहीत होतं. दुर्बीण लावा आणि कपड्याच्या चुण्या बघा. तिथेही हात थांबवलेला नाही.

*

चिऊची_आई | रविवार, रात्री ८:००

काका, किती सुंदर लिहिलंत. आम्ही मागच्या महिन्यात लेकीला कॅरियरवर बसवून ओव्हलच्या कडेने गेलो होतो. ती सात वर्षांची आहे. तिला टॉवर घड्याळापुरता माहीत. मी सहज म्हटलं की वर माणसं आहेत, मोज. तिने मोजायला सुरुवात केली आणि मग प्रत्येकाच्या डोक्यावर काय आहे ते सांगत बसली. "हा आजोबांसारखा, हा लग्नातला, हा टोपीवाला." अर्धा तास गेला. घरी येऊन चिखलमातीची पगडी केली, ती अजून खिडकीत वाळते आहे.

बायकांसाठी एक सांगते. दोघीतिघी मिळून निघा, आणि स्वच्छतागृहाचं आधी ठरवून ठेवा. सीएसएमटी स्टेशन त्या दृष्टीने सोयीचं पडतं.

*

दादरकर_सायकल | रविवार, रात्री ९:१५

जेजेचा_जुना, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि घरी मोठ्याने वाचून दाखवला. मुकुंद रामचंद्र हे नाव टॉवरखालून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

आता राहिलेला टप्पा.

काळा घोडा. मूळ घोडा म्हणजे सातवे एडवर्ड राजपुत्र असतानाचा अश्वारूढ पुतळा. शिल्पकार जोसेफ एडगर बोहेम, पैसे अल्बर्ट ससून यांचे, बसवला १८७९ साली. १९६५ मध्ये तो हलवला, पण चौकाचं नाव लोकांच्या तोंडून गेलं नाही. चौकाला जवळपास बावन्न वर्षं घोड्याचं नाव होतं आणि घोडा नव्हता. २०१७ मध्ये नवा घोडा आला, कल्पना अल्फाज मिलर यांची आणि शिल्प श्रीहरी भोसले यांचं. त्याच्यावर स्वार नाही. लाल_माती, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर मला तिथे मिळतं. लोकांनी राजाला विसरून घोडा तेवढा ठेवला.

खडा पारशी. भायखळ्याला उड्डाणपुलाच्या दोन फाट्यांच्या बेचक्यात आहे. गाडीतून जाताना तो डोळ्यासमोरून निसटतो, चालत तिथे पोचणं अवघड. सायकलवर पहाटे मात्र वळसा घालून अगदी जवळ जाता येतं. बिडाचा उंच नक्षीदार खांब, पायाशी जलपऱ्या, माथ्यावर करसेटजी माणेकजी श्रॉफ उभे. पुतळा जॉन बेल यांचा, ओतकाम इंग्लंडमधल्या कोलब्रूकडेलच्या कारखान्याचं. वडिलांसाठी हा उभारला मुलाने, माणेकजी करसेटजींनी. मुलींची शाळा सुरू करणारे ते हेच. जलपऱ्यांच्या खवल्यांवरून बोट फिरवावंसं वाटतं, इतके ते रेखीव आहेत.

आणि राणीबाग. बुधवारी बंद असते, रविवारी उघडी. सायकल बाहेर कुलूप लावून ठेवायची. जुना काळा घोडा, स्वारासकट, इथे आहे. पण मी थांबतो भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळच्या दगडी हत्तीपाशी. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना यारी तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इकडे आणून ठेवले आणि १९१४ साली पुन्हा जुळवले. सांधे स्पष्ट दिसतात. पोटावरून, पायांवरून गेलेल्या त्या रेषा मी दर वेळी बघतो. तो गेला नाही, राहिला, याचा मला मनापासून आनंद होतो.

*

गोदाकाठचा | सोमवार, सकाळी ७:५०

धागा फारच आवडला. एक दुखणं सांगतो. आमच्या गावच्या चौकातला जुना पुतळा दर जयंतीला ऑइलपेंटने रंगवतात. गावाचं नाव घेत नाही. लहानपणी त्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मला दिसायच्या. मागच्या दिवाळीत सायकलने जाऊन मुद्दाम जवळून बघितलं, चेहरा सपाट झालाय. लोक प्रेमाने करतात, वाईट हेतू कुणाचाच नाही. काय सांगावं त्यांना?

*

जेजेचा_जुना | सोमवार, सकाळी ९:३०

प्रेमाने करतात हे खरं, म्हणून प्रेमानेच सांगायचं. ब्राँझ असेल तर त्यावर चढणारा हिरवट काळा थर म्हणजे घाण नव्हे. धातूची ती आपसूक तयार झालेली कातडी आहे. दगड असेल तर त्याला श्वास घ्यावा लागतो. वरून ऑइलपेंट बसला की आतली ओल अडकते आणि दगड आतून भुसभुशीत होतो. शिवाय दर थराला बारीक रेषा बुजतात, पहिल्यांदा पापण्या, मग ओठांच्या कडा. फ्लोराचं उदाहरण द्या. त्यावरचे थर जाणकारांनी काढले आणि खालचा दगड पुन्हा दिसला. मंडळाच्या मुलांना म्हणा, जयंतीला रंगाच्या डब्याऐवजी स्वच्छ पाणी, मऊ ब्रश आणि हार. आणि रंग स्वतः खरवडू नका. तारेचा ब्रश लागला तर गेलंच.

*

वाडीकर_जर्मनीत | सोमवार, दुपारी ४:१५

मूळचा सावंतवाडीचा, सध्या जर्मनीत म्युन्स्टरला. इथे प्रत्येक घरात सायकल. गावाचा तिच्यासाठी खास शब्दच आहे, लीझे. जुन्या तटबंदीच्या जागी शहराभोवती साडेचार किलोमीटरचा लिंडेनच्या झाडांचा रस्ता आहे, मोटारींना बंदी. १९७७ पासून दर दहा वर्षांनी इथे शिल्पांचं मोठं प्रदर्शन भरतं, संग्रहालयात नाही, सगळ्या गावभर. लोक सायकलवरूनच बघतात. काही शिल्पं कायमची राहतात. तळ्याकाठी क्लॅस ओल्डेनबर्ग यांचे काँक्रीटचे तीन प्रचंड गोळे आहेत, साडेतीन मीटर व्यासाचे. ७७ साली ते ठेवले तेव्हा विद्यार्थी चिडून ते तळ्यात ढकलायला निघाले होते. आज तिथे पोरं सावलीला अभ्यास करतात.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते पाउल वुल्फ यांचं शिल्प, झिल्के वाग्नर यांनी २००७ साली केलेलं. नाझी राजवटीत या माणसावर लहान वयात सक्तीची नसबंदी झाली होती, आणि पुढे आयुष्यभर ते त्या अन्यायाची कागदपत्रं लोकांपुढे मांडत राहिले. पुतळ्याच्या अंगावर भित्तिपत्रकं लावलेली असतात, जाहिरातीच्या खांबावर असतात तशी. थांबून वाचावी लागतात. पहिल्या थंडीत भाषा कच्ची होती, शब्दकोश घेऊन मी तिथे सायकल टेकवून वाचत उभा होतो. पुढचं प्रदर्शन २०२७ ला. कुणी आलात तर सायकल माझ्याकडून.

*

लाल_माती | सोमवार, रात्री १०:०५

काल हे सगळं वाचून आज ऑफिस सुटल्यावर ओव्हलला गेलो. दुर्बीण नव्हती, फोनने मोठं करून बघितलं. पगड्या दिसल्या. माझं फ्लोराबद्दलचं मत तेच आहे, पण टॉवरबद्दलचं बदललं.

आता एक भर माझ्याकडून. सासवणे. माझं आजोळ अलिबागजवळ आहे म्हणून माहीत. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर तिथले. पुण्यातल्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा त्यांचा. तो एकसंध ओतला माझगावच्या गोदीत, आणि मग रेल्वेने पुण्याला गेला. दादरकर, तुमच्या राणीबागेपासून माझगाव किती लांब? आणि त्याच माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, सायकल घेता येते. पुढे सासवण्यापर्यंतचा रस्ता नारळी-पोफळीतला. करमरकरांच्या घरातच त्यांच्या कामांचं संग्रहालय आहे. शंख फुंकणारा आहे, कोळीण आहे, आणि एक म्हैस अशी बसली आहे की लहानपणी मी तिला हात लावायला घाबरायचो.

*

दादरकर_सायकल | सोमवार, रात्री १०:४०

लाल_माती, ठरलं. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. पहाटे पाचला शिवाजी पार्क, साडेपाचला खडा पारशी, तिथून भाऊचा धक्का आणि पहिली बोट. बोटीच्या वेळा मी शनिवारी इथे टाकतो. कल्याण_स्लो, जादा सायकलची हवा भरून ठेवलीय, सीट तुमच्या उंचीला लावून घेऊ. चिऊची आई, लेकीला नक्की आणा, कॅरियरला उशी मी बांधतो. प्रत्येकाने एक जादा ट्यूब, पाण्याची बाटली आणि तिपाई म्हणतात तशी दुर्बीण असेल तर ती. जेजेचा_जुना, तुम्हाला सायकल जमणार नसेल तर थेट धक्क्यावर या. म्हशीपाशी उभं राहून काम कुठे संपलंय ते आम्हाला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

*

जेजेचा_जुना | सोमवार, रात्री ११:०२

सायकल जमते. पाचला शिवाजी पार्कात येतो.